शनवार तेली आणि बगदादी शेट

१८३६ साली मुंबई सरकारकडे एक अर्ज गेला. अर्जदार होते इराकच्या बाजूने येऊन मुंबईत पेढ्या थाटून बसलेले यहुदी व्यापारी, आणि तीन-चार वर्षांपूर्वीच ह्या शहरात पाऊल ठेवलेला डेव्हिड ससून हाही त्यांत होता. मागणी अशी होती की, यहुद्यांच्या दफनभूमीत मध्ये एक भिंत असावी. कारण येथे दोन निराळ्या जातींचे यहुदी राहतात, एकांचे आचार हिंदुस्थानातल्या लोकांसारखे झालेले आहेत, दुसरे आपल्या अरबस्तानी पूर्वजांच्या रीतीला धरून आहेत, तेव्हा त्यांच्या कबरी एकमेकींशेजारी असू नयेत. ज्या दोन समाजांचा देव एक, धर्मग्रंथ एक, विश्रांतीचा वार एक, आणि जे प्रार्थनेस उभे राहताना एकाच यरुशलेमकडे तोंड करतात, त्यांच्यापैकी एकाला मेल्यावरही दुसऱ्याचा शेजार नको वाटावा, आणि तो टाळण्यासाठी त्याने फिरंगी सरकारच्या दारात जावे, हा प्रकार पाहून कोणासही वाटेल की, ह्यामागे धर्मशास्त्राचा काही गहन तंटा असला पाहिजे. शास्त्राची तकरार होती, नाही असे नाही. परंतु ह्या भिंतीचा पाया पाहू गेल्यास तो पोथीत सापडत नाही, रोजगारात सापडतो.

ज्यांच्यापासून फुटून निघण्यासाठी हा खटाटोप चालला होता ते बेने इस्रायल. अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी नवगाव म्हणून गाव आहे. तेथे फार पूर्वी, ख्रिस्तजन्माच्याही आधी, एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या, आणि बुडालेल्यांना त्यांनी तिथेच वाळूलगत मूठमाती दिली, अशी ह्या समाजाची परंपरा सांगते. कोकणच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला ही चौदाची संख्या ऐकून थोडे हसू आल्यावाचून राहणार नाही, कारण ह्याच किनाऱ्यावर परशुरामाने समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेते उठवून चित्पावन ब्राह्मण निर्माण केले, अशी कथा दुसऱ्या एका समाजाच्या नावावरही जमा आहे. कोणी कोणाची कथा उसनी घेतली ह्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. गलबत फुटून येणे ही कोकणात परक्याने आपले झाल्याची जणू रीतसर सनदच होती, एवढे त्यावरून समजले तरी पुरे. समाजाच्या जुन्या आचारात हनुक्काचा सण नव्हता, म्हणून तो सण यहुद्यांत रूढ होण्यापूर्वीच हे लोक मायदेशातून निघाले असले पाहिजेत, असा कालनिर्णय काहींनी केला आहे. मला तो फारसा पटत नाही. कित्येक शतके पोथीवाचून काढलेल्या माणसांना एक सण आठवत नाही, ह्यावरून तो सण त्यांना ठाऊकच नव्हता असे कसे म्हणावे?

पोथी खरोखरच राहिली नव्हती. राहिली होती ती सुंता, शनिवारचा विसावा, मासळीत खवल्याची कोणती आणि बिनखवल्याची कोणती ह्याचा विवेक, काही उपास, आणि ‘शेमा’ ह्या प्रार्थनेचे आरंभीचे चरण, जे जन्मापासून मरणापर्यंतच्या सर्व विधींना सारखेच लागू पडत. उदरनिर्वाहासाठी ह्या लोकांनी तेलाचा घाणा धरला. कोकणच्या गावगाड्यात येणाऱ्याला शिरायचे तर जातीच्याच दारातून शिरावे लागे. तेव्हा घाणा चालवणारा तो तेली, आणि शनिवारी बैल सोडून ठेवणारा तो शनवार तेली, असा सरळ हिशेब गावाने केला. सोमवारी नंदीला जोखड नको म्हणून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे तेली शेजारी होतेच, त्यामुळे आठवड्यातला एक वार पाळणे ही गोष्ट गावकऱ्यांना चमत्कारिक वाटली नाही. गावावरून आडनावे पडली: पेणकर, केहिमकर, रोहेकर, दिवेकर, झिराडकर, चेऊलकर, अष्टमकर. येहेझकेलचा हसाजी झाला, शमुवेलचा सामाजी झाला. सणांना नावे मिळाली तीही मराठी, आणि तीसुद्धा पोथीतली नव्हेत तर स्वयंपाकघरातली: वर्षारंभाचा तो नव्याचा सण, पुढे खिरीचा सण, प्रायश्चित्ताच्या महान दिवसाला, दारे लावून घरात बसत म्हणून, दारफाळणी, तिच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, आणि यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या शोकदिनी मोड आलेल्या कडधान्याचे बिरडे खात म्हणून तो बिरड्याचा सण. सॉलोमनचे मंदिर जळाल्याचे दुःख वालाच्या बिरड्याशी जोडून ठेवणाऱ्या समाजाला परका म्हणणे जरा धाडसाचेच आहे.

आर्थिक दृष्ट्या ह्या स्थितीचा अर्थ काय होता? तेल्याचा दर्जा समाजात वरचा नव्हे, त्याच्या घाण्यातून साठवण्याजोगा पैसाही निघत नसे. परंतु गाव त्याला उठवून लावू शकत नव्हता, कारण दिव्याला तेल प्रत्येक घरात लागे. वतनदाराची प्रतिष्ठा नाही, पण पोटाची शाश्वती आहे, अशी ती अवस्था होती. समाजाचा अंतर्गत कारभारही गावच्या नमुन्यावरच बसलेला दिसतो. विवाह आणि तंटेबखेडे ह्यांत काझीचा अधिकार, आणि पुढे प्रार्थनामंदिरे झाली तेव्हा त्यांत मुकादम आणि त्याच्या मदतीस चौगुले, असा तो सरंजाम होता. गाभाऱ्यात हिब्रू आणि ओसरीवर मुकादम व चौगुला! शिवकालीन दप्तरे चाळणाऱ्याला ही नावे तिथे भेटली म्हणजे ओळखीचा माणूस परगावी भेटल्यासारखे वाटते.

ह्या गावगाड्यातून बाहेर पडण्याची पहिली वाट कंपनी सरकारच्या पलटणींनी दाखवली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायल तरुण कुलाब्याच्या खेड्यांतून मुंबईस येऊ लागले, सैन्यात शिरले, आणि शिस्त व इमान ह्या दोन गुणांवर जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर अशा, देशी माणसाला त्या काळी पोचता येईल तेवढ्या वरच्या पायऱ्या चढले. सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युअल दिवेकर हा त्यांतलाच. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात तो कैद झाला, आणि हे कैदी इस्रायलाचे वंशज आहेत असे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली करून त्याचे प्राण वाचवले, अशी कथा आहे. कथेचे प्रमाण काहीही असो, मुंबईस परत आल्यावर त्याने १७९६ साली मांडवीत प्रार्थनामंदिर बांधले ही गोष्ट पक्की आहे. मुंबईतले हे यहुद्यांचे पहिले मंदिर, शार हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. समाजातले लोक त्याला मशीदच म्हणत. आणि मस्जिद बंदर ह्या नावातली मशीद ती हीच, असे सांगणारेही पुष्कळ आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दिवेकराने मंदिर बांधले ते व्यापाराच्या नफ्यातून नव्हे, तर पलटणीच्या पगारातून व समाजाच्या वर्गणीतून. आणि पुढची दीडशे वर्षे बेने इस्रायलांचे अर्थकारण ह्याच एका रुळावरून चालले. पगार आणि पेन्शन! घाणा सोडलेल्या कुटुंबातला मुलगा शिपाई होई, त्याचा मुलगा कारकून, आणि नातू रेल्वेत, तारखात्यात, कस्टममध्ये किंवा सरकारी दवाखान्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने जातवार तुकड्या उभारण्याचे धोरण धरले, तेव्हा एक तुकडी भरण्याइतकी संख्याच नसलेल्या ह्या समाजाला सैन्याचा दरवाजा जवळजवळ बंद झाला, आणि लेखणी हाच आधार उरला. नोकरीपेशाच्या मागोमाग ते पुण्यास, ठाण्यास, अहमदाबादेस, कराचीस, थेट एडनपर्यंत गेले. पण गेले ते बदलीचा हुकूम हाती घेऊन, हुंडी घेऊन नव्हे. पगारदार माणूस कर्जबाजारी होऊ शकतो, क्वचित घर बांधू शकतो, मुलांना शिकवू शकतो. भांडवल मात्र त्याच्या हाती साठत नाही. ह्या समाजात डॉक्टर, शिक्षक, हेडक्लार्क पुष्कळ निपजले, गिरणीमालक मात्र शोधून काढावा लागतो.

शिक्षणाचा लाभ त्यांना झाला त्याची हकिकतही मौजेची आहे. अमेरिकन मराठी मिशनने कुलाबा जिल्ह्यात व मुंबईत शाळा काढल्या, आणि डॉ. जॉन विल्सन ह्या स्कॉच पाद्र्याने १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत छापले. हेतू अर्थातच यहुद्यांना ख्रिस्ताकडे वळवण्याचा होता. त्यांनी व्याकरण घेतले, ख्रिस्त घेतला नाही. स्वतःच्या पूर्वजांची भाषा ज्यांना एका ख्रिस्ती माणसाने मराठीतून शिकवली, असे यहुदी जगाच्या पाठीवर दुसरे नसतील. आणि मिळालेल्या विद्येचा त्यांनी जो उपयोग केला तो असा की, वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ ही पोथी मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत, आणि १८७४ साली पुण्यात निघाली. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून मांडी घालून बसलेल्या आहेत. मिसर देशातून मोझेसच्या मागे निघालेल्या त्या बाया कोणत्या आळीतल्या असाव्यात, हे अलिबागच्या माणसाला सांगावे लागत नाही. १८८० पासून तर हरदासांच्या धर्तीवर योसेफाचे, अब्राहामाचे कीर्तन होऊ लागले, त्यात साक्या-दिंड्या आल्या, आणि बायबलातले कुलपती बुक्का-अबीर तेवढा सोडून सगळ्या थाटात मराठी झाले.

आता अर्जदारांकडे वळू. डेव्हिड ससूनचा जन्म बगदादेत १७९२ सालचा. त्याचे घराणे बगदादच्या पाशांच्या पदरी सराफी करणारे. पिता शेख ससून हा तिथल्या यहुद्यांचा प्रमुख व पाशाचा खजिनदार. पुढे दाऊद पाशाच्या अमदानीत जुलूम व खंडणी ह्यांनी जीव नकोसा झाला, तेव्हा डेव्हिडने पळ काढला, इराणच्या आखातावरील बुशायर बंदरात काही काळ काढला, आणि १८३२ च्या सुमारास तो मुंबईस दाखल झाला. फुटक्या गलबतातून तोही आला असे म्हणता येईल. परंतु त्याच्याजवळ तीन गोष्टी अशा होत्या की, ज्या कोणत्याही पाशाला जप्त करता येत नाहीत. बसरा, बुशायर, हलब इकडच्या सौदागरांत घराण्याची असलेली पत, अरबी, फारसी, तुर्की व हिब्रू ह्या भाषा, आणि मुलगे. मुलगे आठ झाले, आणि त्यांतल्या प्रत्येकाला बापाने पेढीची शाखा समजूनच वाढवले.

काळही असा नेमका की, चीनशी व्यापार करण्याची कंपनी सरकारची मक्तेदारी त्याच सुमारास, १८३३ च्या कायद्याने, सुटली. दुसरा मुलगा इलायस १८४४ साली चीनमध्ये गेला. माळव्याची अफू आणि हिंदुस्थानी कापूस व सूत तिकडे जाई, रेशीम, चहा व चांदी इकडे येई. ससून पेढीचे वैशिष्ट्य असे की, माल बंदरात येण्याची वाट न पाहता अफूच्या व्यापाऱ्यांना ती आगाऊ रकमा देई आणि मूळ बाजारच हाती धरी. त्यामुळे १८७० नंतर ह्या व्यापारातले मोठे ब्रिटिश प्रतिस्पर्धी बाजूस सरले व ससूनच त्यात अग्रेसर झाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मुंबईत कापसाचा पैसा पावसासारखा पडला व १८६५ साली तो ओसरताच प्रेमचंद रायचंदासारखे भले भले बुडाले, त्या पुरातही हे घराणे कोरडे राहिले. ज्या मालाच्या नफ्यावर पुढची मंदिरे, इस्पितळे व वाचनालये उभी राहिली त्याने चीनमध्ये किती घरे बसवली, ह्याचा हिशेब मुंबईच्या दानफलकांवर कोठेही कोरलेला नाही, आणि ही त्रुटी एकट्या ससूनांच्या फलकांपुरती मर्यादित नाही, हेही न्यायाने म्हटले पाहिजे.

पेढीचा पत्रव्यवहार व हिशेब हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या अरबीत चाले. मारवाड्याची मुडी आणि ससूनांची ही लिपी ह्यांचा हेतू एकच: परक्याच्या हाती वही पडली तरी त्याला ती वाचता येऊ नये. मग अशा पेढीवर कारकून कोण नेमणार? अर्थात बगदादचाच. गरीब यहुद्याचा मुलगा बगदादेहून मुंबईस यावा, ससूनांनी काढलेल्या शाळेत त्याने हिब्रू, अरबी, इंग्रजी व जमाखर्च शिकावा, मुंबई, हाँगकाँग वा शांघायच्या पेढीत त्याने उमेदवारी करावी, शनिवारी पेढी बंद असल्याने धर्म सांभाळावा, आजारी पडल्यास शेटने औषधपाणी करावे आणि मेल्यास शेटच्याच खर्चाने माती मिळावी, अशी ती व्यवस्था होती. बेने इस्रायलांचे जीवन जसे गावाने व सरकारने बांधलेले, तसे बगदाद्यांचे एका घराण्याच्या पेढीने बांधलेले. त्यांच्या मंदिरांत मुकादम-चौगुले नव्हते, ट्रस्टी होते. आणि ट्रस्टडीड ज्याच्या पैशाने झाले त्याचा शब्द तिथे चाले.

एका गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, म्हणून ती येथे मुद्दाम सांगतो. नगराच्या इतिहासात बगदादी म्हणताच ससून, एझ्रा, कदूरी अशी धनाढ्यांची नावे पुढे येतात, आणि सबंध समाज हवेल्यांतच राहत असावा असा समज होतो. वस्तुतः भायखळा-नागपाड्याच्या चाळींत राहणारी, फेरी करणारी, गिरणीत पाळी भरणारी, आणि सणासुदीला ट्रस्टच्या दानावर डोळा ठेवणारी बगदादी कुटुंबे पुष्कळ होती. बेने इस्रायलांत शेट जवळजवळ नव्हताच, परंतु भिक्षेकरीही थोडे. बगदाद्यांत दोन्ही होते. सरासरी काढणाऱ्या माणसाला ह्यांतले काहीच दिसणार नाही.

भाषा आणि वेश ह्यांचा प्रवास पाहिला म्हणजे दोन्ही समाजांची दिशा स्पष्ट होते. डेव्हिड ससून १८५३ साली ब्रिटिश प्रजाजन झाला तेव्हा इंग्रजी येत नसल्याने त्याने कागदावर सही केली ती हिब्रूत. आयुष्यभर त्याने बगदादी झगा आणि पागोटे सोडले नाही. त्याचा थोरला मुलगा अब्दुल्ला मात्र अल्बर्ट झाला, विलायतेस जाऊन राहिला, युवराजाच्या स्नेहातला झाला, आणि १८९० साली त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. काळ्या घोड्याचा पुतळा १८७९ साली मुंबईस नजर केला तो ह्यानेच. सामाजीच्या घराण्यात नेमकी उलटी चाल झाली होती: शमुवेलचा सामाजी झाला तो शेजारच्या पाटलाला हाक मारता यावी म्हणून. माणूस आपले नाव कोणाच्या तोंडी बसावे म्हणून बदलतो ते पाहावे, म्हणजे त्याला कोणाच्या पंक्तीला बसायचे आहे हे कळते.

भिंतीचे खरे कारण इथे हाती लागते. बगदाद्यांचे आक्षेप शास्त्राच्या भाषेत होते: ह्या लोकांत यहुदी रीतीचे घटस्फोटपत्र नव्हते, विधवेचा दिराशी विवाह करण्याचा नियम ते पाळत नसत, परजातीशी संकर झालेला असण्याचा संभव होता, तेव्हा त्यांच्या कुळाची शुद्धता संशयास्पद. म्हणून त्यांच्याशी सोयरीक नाही. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुषांचा जो कोरम लागतो त्यात त्यांना मोजायचे नाही, आणि धर्मग्रंथ वाचण्यास त्यांना पुढे बोलवायचे नाही. हे आक्षेप खोटेच होते असे मी म्हणत नाही. तथापि डेव्हिड ससून आला तेव्हा मुंबईतल्या बगदाद्यांना प्रार्थनेस जागा बेने इस्रायलांच्याच मंदिरात होती. आणि जसजशी पेढी वाढली व गव्हर्नरच्या मेजवानीचे आमंत्रण येऊ लागले, तसतशी शुद्धतेची चाड वाढली. गोऱ्या साहेबाच्या राज्यात गोऱ्याचा शेजारी म्हणून गणले जाण्यात व्यापाराचा, नोकरीचा आणि इज्जतीचा प्रत्यक्ष लाभ होता. आणि ‘हेही यहुदी, तेही यहुदी’ असे म्हणत साहेबाने लुगड्यातल्या दिवेकरणीकडे बोट दाखवले असते तर तो लाभ बुडाला असता. कलकत्त्याच्या बगदाद्यांनी पुढे आपली नावे युरोपियनांच्या मतदारयादीत घालण्याची खटपट केली, ती ह्याच धोरणाची शेवटची पायरी.

बेने इस्रायलांकडे एकांगी सहानुभूतीने पाहण्याचेही कारण नाही. त्यांच्यातच गोरे इस्रायल व काळे इस्रायल असा भेद होता. ज्यांच्या आईच्या कुळाविषयी शंका, ते काळे. आणि त्यांच्याशी रोटी-बेटीचा व्यवहार गोरे करीत नसत. जो आक्षेप बगदादी त्यांच्यावर घेत, तोच ते आपल्या धाकट्या भावंडांवर घेत होते. जातीच्या मुलखात आल्यावर जात लागते, ती पाण्यातून लागते की हवेतून, हे कोणी सांगावे!

भिंतीला दरवाजे मात्र होते, आणि ते बहुधा शाळेच्या बाजूने उघडत. ससूनांच्या शाळेत, जिथे बगदादी मुले हिब्रू शिकत, तिथे १८५६ साली जोसेफ येहेझकेल राजपूरकर हा बेने इस्रायल तरुण शिक्षक म्हणून लागला आणि १८६१ पासून चाळीस वर्षे तो तिचा हेडमास्तर होता. प्रार्थनेच्या कोरममध्ये ज्याला मोजायला बाप तयार नाही, त्याच्याकडून त्याचा मुलगा प्रार्थनेची भाषा शिकतो, हा प्रसंग चाळीस वर्षे रोज घडत होता, आणि त्यातली गंमत कोणाच्या लक्षात आली असल्याचे दिसत नाही. राजपूरकर मुंबई विद्यापीठाचा हिब्रूचा परीक्षकही होता; सकाळी बगदाद्यांना हिब्रू शिकवून त्याने आपल्या लोकांसाठी एकामागून एक प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. दुसरा दरवाजा उलट्या बाजूने उघडला. हाईम सॅम्युअल केहिमकर ह्यांनी, ज्यांचा बेने इस्रायलांचा इतिहास आजही ह्या विषयाचा पाया आहे, १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. वर्गण्या जमवताना त्यांचे जोडे झिजले. ही शाळा पुढे माझगावला ऊर्जितावस्थेस आली ती बगदादेतच जन्मलेल्या, ससूनांच्या पेढीत कारकुनी करून हाँगकाँग-शांघायमध्ये कोट्यधीश झालेल्या एली कदूरीच्या देणगीने, आणि तिला नाव मिळाले तेही त्याचेच.

ससूनांच्या देणग्यांची यादी येथे देत नाही. मुंबई-पुण्याचा वाचक त्या इमारतींखालून रोज जातो. १८७५ सालची कुलाब्याची गोदी, जिथे कापसाच्या गासड्या जाऊन आता कोळणींच्या पाट्या आल्या आहेत, काळ्या घोड्यासमोरचे वाचनालय, पुण्याचे इस्पितळ, आणि पुण्याचेच लाल देऊळ, ज्याच्या आवारात १८६४ साली वारलेला डेव्हिड ससून पुरलेला आहे. देऊळ हा शब्द पुणेकरांनी दिलेला. विटांचा रंग आणि घुमटाऐवजी मनोरा पाहून त्यांनी एवढाच निष्कर्ष काढला की, मशीद नव्हे, म्हणजे देऊळ.

विसाव्या शतकात दोन्ही समाज निघाले, पण निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या दारांनी. भांडवल आधी हलले. पेढीचे मुख्य ठाणे लंडनला गेलेच होते. १८९४ साली विधवा झालेल्या फ्लोरा ससून ह्या कर्तबगार बाईने मुंबईची पेढी काही वर्षे स्वतः चालवली व १९०१ साली तीही विलायतेस गेली. व्हिक्टर ससूनने आपला पैसा शांघायच्या इमारतींत घातला व मुंबईच्या गिरण्या पुढे विकून टाकल्या. १९४७ नंतर बगदादी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इकडे पांगले. मुंबई-कलकत्ता मिळून त्यांची संख्या भरात असतानाही पाच-सहा हजारांच्या आसपास; ती काही वर्षांत शेकड्यांवर आली.

बेने इस्रायल तेव्हा वीस हजारांच्या घरात होते. मुंबईला १९३७ साली डॉ. एलिजा मोझेस हा महापौर त्यांनी दिला होता, कामा हॉस्पिटलला डॉ. जेरुशा झिराड दिल्या होत्या. येथे कोणी त्यांना छळले नव्हते. तरी साहेबाच्या राज्याबरोबर साहेबी खात्यांतली त्यांची ठरलेली जागाही डळमळली, आणि इस्रायल राष्ट्र झाले. तेव्हा कारकून, फिटर, परिचारिका अशी पगारदार माणसे कुटुंबेच्या कुटुंबे निघाली, आणि लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा नव्या वसाहतींत जाऊन पुन्हा एकदा खालच्या पायरीवर उभी राहिली. १९५२ साली काहींनी धरणे धरून ‘आम्हांस हिंदुस्थानात परत पाठवा’ असे म्हटले, आणि ते परत आलेही.

मग भिंत तिथेही भेटली. १९६१-६२ साली इस्रायलच्या धर्माधिकाऱ्यांनी ठरवले की, बेने इस्रायल माणसाचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी त्याच्या कुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. घटस्फोट, दीरविवाह, संकर: आक्षेप तेच, जणू मुंबईच्या दप्तरातून काढून पाठवलेले. हा हुकूम ज्या मुख्य धर्मगुरूच्या सहीने निघाला, त्या यित्झाक निस्सीम ह्यांचे जन्मस्थान बगदाद. ह्या वेळी मात्र शनवार तेल्यांचे वंशज गप्प राहिले नाहीत. एकदा, १९३० नंतरच्या दशकात, रंगूनच्या बगदादी मंदिरात त्यांना मताधिकार नाकारला गेला तेव्हा त्यांनी हायकोर्टात जाऊन तो मिळवला होता. आता यरुशलेमच्या रस्त्यावर बसून त्यांनी संप केला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या लोकसभेने ठराव करून ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे जाहीर केले.

जे थोडे हजार बेने इस्रायल मागे राहिले ते मुंबई, ठाणे व रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यात आहेत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. मुंबईतील बगदादी आता बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी बांधलेली भव्य मंदिरे, फोर्टमधले आणि भायखळ्याचे, शनिवारी उघडतात; दहा पुरुषांचा कोरम भरतो तेव्हा प्रार्थना सुरू होते, आणि त्या दहांत उभे असतात ते बहुतेक सगळे पेणकर, रोहेकर, झिराडकर.